होप स्ट्रीटची दोन टोके

ऑगस्ट १९५२ मध्ये ओव्हलच्या मैदानावर भारताविरुद्ध ११९ धावा काढणाऱ्या डेव्हिड शेपर्ड या तरुण सलामीच्या फलंदाजाचे नाव जुन्या क्रिकेटरसिकांच्या स्मरणात असेल. परंतु सांगलीच्या मराठी ख्रिस्ती घराण्यात जन्मलेल्या विजय हजारे यांच्या संघाशी त्या दिवशी झुंजलेला हाच गृहस्थ तीन वर्षांनी धर्मसेवेची दीक्षा घेऊन, लंडनच्या दरिद्री वस्त्यांत दीर्घकाळ राहून, १९७५ साली लिव्हरपूलचा अँग्लिकन बिशप झाला, आणि पंथद्वेषासाठी कुप्रसिद्ध असलेल्या त्या शहराला त्याने एका रोमन कॅथॉलिक आर्चबिशपाच्या साहाय्याने निराळे वळण लाविले, हा वृत्तान्त आपल्याकडे जितका परिचित असावयास हवा तितका नाही.

लिव्हरपूलचा हा द्वेष गोदीतून आला. आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळात, एकट्या १८४७ साली, सुमारे ३ लाख आयरिश लोक या बंदरात उतरले. पुष्कळसे अमेरिकेस गेले, आणि ज्यांच्यापाशी पुढच्या प्रवासाचे भाडे नव्हते ते तेथेच राहिले. त्यांच्या कॅथॉलिक वस्त्या एकीकडे, ऑरेंज लॉजच्या झेंड्याखाली जुलैच्या बाराव्या तारखेस मिरवणुका काढणारे प्रॉटेस्टंट मोहल्ले दुसरीकडे. शाळा वेगळ्या, विवाहसंबंध वर्ज्य, आणि नगरपालिकेच्या निवडणुकाही पंथाच्या नावाने लढविलेल्या. १९०९ मध्ये एका कॅथॉलिक मिरवणुकीवरून अशा दंगली उसळल्या की त्यांच्या चौकशीसाठी पार्लमेंटला खास कायदा करावा लागला.

अशा शहरात दोन विशाल कॅथीड्रले एकाच रस्त्याच्या दोन टोकांना उभी राहिली, आणि त्या रस्त्याचे नाव, कॅथीड्रलांच्या कितीतरी आधीपासून, होप स्ट्रीट असे होते. अँग्लिकन कॅथीड्रलाचा आराखडा गाइल्स गिल्बर्ट स्कॉट या कॅथॉलिक स्थपतीचा. त्याची कोनशिला १९०४ मध्ये बसली आणि काम १९७८ मध्ये पुरे झाले. कॅथॉलिक कॅथीड्रलाचा मूळ आराखडा नवी दिल्ली घडविणाऱ्या लट्यन्स यांचा, आणि ते अँग्लिकन. युद्ध आणि द्रव्याभाव यांमुळे त्यातील तळघरच तेवढे झाले, आणि त्याच्या शेजारी फ्रेडरिक गिबर्ड यांची वर्तुळाकार वास्तू १९६७ मध्ये सिद्ध झाली. भक्तांनी एकमेकांची तोंडे पाहू नयेत आणि मंदिरे मात्र परपंथीयांच्या हातून घडावीत, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

१९७६ मध्ये डेरेक वॉरलॉक कॅथॉलिक आर्चबिशप होऊन आले. तीन कार्डिनलांच्या दफ्तरात चिटणिशी केलेला, कागदपत्रात आणि शिष्टाचारात मुरलेला हा मनुष्य. शेपर्ड उंचेपुरे, मोकळे, सुवार्तावादी परंपरेतले. स्वभावाने ते सहज मित्र होणारे नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्या मैत्रीचे मोल अधिक. १९५२ मध्येच स्वीडनमधील लुंड येथील परिषदेने असे सूत्र मांडले होते, की जेथे श्रद्धेचा गाढ मतभेद आड येत नाही तेथे चर्चांनी प्रत्येक गोष्ट एकत्र करावी. इतरांनी हे सूत्र ठरावात ठेविले. या दोघांनी ते रोजच्या कारभारात आणिले. बेकारी, घरे, पोलीस, कोणताही सार्वजनिक प्रश्न असो, आधी परस्परांशी विचारविनिमय आणि मग एक निवेदन. लोक त्यांना ‘फिश अँड चिप्स’ म्हणू लागले: सदा बरोबर, आणि सदा वर्तमानपत्रात.

जुलै १९८१ मध्ये टॉक्स्टेथ भागात पोलिसांविषयीचा साचलेला रोष भडकून दंगली झाल्या, तेव्हा कृष्णवर्णी रहिवाशांचे गाऱ्हाणे अधिकाऱ्यांपुढे मांडण्यास दोघे एकत्र उभे राहिले. पुढच्या वर्षीची कसोटी अधिक नाजूक होती. मार्च १९८२ मध्ये पोपच्या नियोजित भेटीच्या निषेधार्थ निदर्शकांनी खुद्द कँटरबरीच्या आर्चबिशपास, रॉबर्ट रन्सी यांस, लिव्हरपूलच्या पॅरिश चर्चमध्ये आरडाओरड करून बोलू दिले नाही. ३० मे रोजी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे आले; ते प्रथम अँग्लिकन कॅथीड्रलात शिरले, तेथील समुदायाने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि मग होप स्ट्रीटने ते आपल्या कॅथीड्रलाकडे गेले. तीन वर्षांनी, पेंटेकॉस्टलाच, नगरातील चर्चांनी सहकार्याच्या करारावर सह्या केल्या. मेथडिस्टादी स्वतंत्र चर्चेही त्यात होती; त्यांच्या पुढाऱ्यांचे श्रेय बहुधा झाकले जाते, ते जाऊ नये.

१५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरोच्या मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूल संघाचे चाहते मृत्युमुखी पडले; मृतांची संख्या अखेर ९७ झाली. दुसऱ्याच संध्याकाळी कॅथॉलिक कॅथीड्रलात मिस्सा झाली, दोन आठवड्यांनी अँग्लिकन कॅथीड्रलात स्मरणोपासना झाली, आणि मृत कोणत्या पंथाचा हा प्रश्न ज्या शहरात पूर्वी पहिला विचारला गेला असता, तेथे शोक अविभक्त राहिला.

नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चांनी आपापली स्वतंत्र अस्तित्वे विसर्जित करून उत्तर भारतीय चर्च स्थापिले. तशा विलीनीकरणाचा अधिकार लिव्हरपूलच्या या दोघांस नव्हता, कारण रोम आणि कँटरबरी यांच्यातील वाद कोणत्याही एका शहराच्या अखत्यारीत नाही. त्यामुळे एकत्र प्रार्थना करणारे, एकत्र पुस्तके लिहिणारे हे स्नेही एका वेदीवरून प्रभुभोजन घेऊ शकले नाहीत. १९९६ मध्ये वॉरलॉक वारले, पुढल्या वर्षी शेपर्ड निवृत्त झाले, तरीही ही वाण तशीच होती. आणि ती त्यांना किती बोचत असे, हे दोघांनीही उघडपणे सांगितले होते.