सोमवार-मंगळवारची थुकरटवाडी

'चला हवा येऊ द्या' १८ ऑगस्ट २०१४ला झी मराठीवर सुरू झालं आणि मार्च २०२४मध्ये थांबलं. एखादं मूल बालवाडीतून हायस्कुलात जातं, एवढा काळ आठवड्याला दोन रात्री हसवत राहायचं म्हणजे खायचं काम नाही. तरीही ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुणाशीही या कार्यक्रमाविषयी बोला, 'पहिल्यासारखं राहिलं नव्हतं' हे वाक्य येतंच. घसरण कधी सुरू झाली, असं विचारलं की मात्र प्रत्येकजण वेगळं साल सांगतो. कुणी परदेश दौऱ्यांवर बोट ठेवतं, कुणी लॉकडाऊनवर, तर कुणाच्या मते शेवटचं वर्ष सोडलं तर सगळं झकास होतं. या मतभेदाचं मूळ मला कार्यक्रमात कमी आणि तो बघण्याच्या जागेत जास्त दिसतं.

आधी सुरुवातीचे दिवस. 'फू बाई फू' या विनोदी कार्यक्रमातून भाऊ कदम, सागर कारंडे, भारत गणेशपुरे, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे ही मंडळी प्रेक्षकांच्या ओळखीची झालेली होती. सूत्रधार डॉ. नीलेश साबळे यांनी त्यांना घेऊन थुकरटवाडी वसवली. नव्या मराठी सिनेमाची टीम पाहुणी म्हणून यायची, सोफ्यावर बसायची आणि तिच्यासमोरच तिच्या सिनेमाची यथेच्छ टवाळी व्हायची. काटेकोर बोलायचं तर हे सिटकॉम नव्हतं. पण तेच गाव, तीच माणसं, त्यांच्या त्याच खोडी, आणि दर आठवड्याला बाहेरून कुणीतरी येऊन त्या गावात सापडणार, हा सांगाडा सिटकॉमचाच. मराठी सिनेमा तेव्हा जोरात होता आणि जाहिरातीला त्याच्याकडे पैसे बेताचेच असायचे. थुकरटवाडीचं आमंत्रण म्हणजे फुकटचं व्यासपीठ. 'सैराट'ची मुलंही २०१६मध्ये त्या सोफ्यावर बसून गेली, आणि पुढे हिंदीतले बडे तारेही तिथे मराठीची दोन वाक्यं घोकून येऊ लागले.

डोंबिवलीला या सगळ्यात घरचं कार्य असल्यासारखं वाटायचं, ते भाऊ कदमांमुळे. एकेकाळी पानाची टपरी चालवलेला, डोंबिवलीत राहणारा हा माणूस टीव्हीवर सगळ्यात कमी हालचाल करून सगळ्यात जास्त हशा वसूल करायचा. समोरचा नट वाक्य बोलून मोकळा व्हायचा, भाऊ क्षणभर गप्प राहायचे, आणि त्या क्षणभरातच घरातले सगळे फुटायचे. साडी नेसवा, पोलिसाचा वेश द्या, राजा करा, चेहऱ्यावर तोच भाव: मला इथे कुणी आणलं? गच्च भरलेल्या लोकलमधून उतरलेल्या माणसाला तो चेहरा परका वाटणं शक्यच नव्हतं.

सोमवार-मंगळवार, रात्री साडेनऊ ही वेळही या ठाणे-कल्याण पट्ट्याला बरोबर जमणारी. मुंबईहून परतलेला माणूस तोवर हातपाय धुऊन ताटावर बसलेला असतो. जेवताना घरातल्या सगळ्यांनी मिळून टीव्ही पाहायचा, रिमोट सासूबाईंच्या हातात, आणि जाहिराती लागल्या की आमटी गरम करायला उठायचं. असा पाहणारा प्रेक्षक पूर्ण एपिसोड पाहतो. चांगलं स्किटही पाहतो, त्यानंतरचं फसलेलंही, पाहुण्यांची पंधरा मिनिटांची स्तुतीही आणि शेवटचं पत्रही. ज्यांच्या मते घसरण लवकर सुरू झाली, ते बहुतेक असे ताटावरचे प्रेक्षक.

दुसरा प्रेक्षक २०१६च्या सप्टेंबरनंतर जन्माला आला. जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि डोंबिवली फास्टमध्ये उभ्या उभ्या, एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर स्किट पाहायची सोय झाली. डोंबिवलीहून ठाणं येईपर्यंत एक स्किट आरामात संपतं. या प्रेक्षकाला अख्खा एपिसोड कधी भेटलाच नाही. त्याच्यापर्यंत आलं ते कुणीतरी आधीच पाहून, हसून, पुढे ढकललेलं. आवडलं नाही तर अंगठ्याने वर सरकवलं की संपलं. त्याच्या लेखी कार्यक्रम शेवटपर्यंत चांगलाच राहिला, कारण वाईट भाग त्याने कधी पाहिलाच नाही. उतरत्या काळातल्या विनोदी कार्यक्रमाचा हा फार मोठा आधार असतो, आणि वाहिनीलाही तो फसवतो. आकडे छान दिसत राहतात.

ताटावरच्या मंडळींच्या तक्रारी साधारण अशा. पहिली पाहुण्यांची. सुरुवातीला पाहुण्यांची फिरकी घेतली जायची, नंतर त्यांचं कौतुकच जास्त व्हायला लागलं. पाहुणा मोठा तितकी टवाळी बोथट, आणि विनोद पडला की कॅमेरा लगेच सोफ्यावर हसणाऱ्या पाहुण्याकडे. बाई पोट धरून हसतायत, म्हणजे काहीतरी गमतीचं घडलं असणार, असं आपण समजून घ्यायचं. दुसरी तक्रार साड्यांची. सागर कारंडे किंवा भाऊ स्त्रीवेषात आले की सुरुवातीला खरोखर धमाल यायची, कारण त्या बाईला स्वभाव असायचा, ठसका असायचा. पुढे नुसती साडी हाच विनोद झाला. तिसरी पत्रांची, आणि इथे मी तक्रारदारांच्या बाजूने पूर्ण नाही. अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि पोस्टमनकाकांच्या वेशातल्या सागर कारंडेंनी वाचलेली ती पत्रं हा या कार्यक्रमाचा सगळ्यात धाडसी भाग होता. तासभर खिदळल्यावर शेतकऱ्याचं किंवा एकट्या म्हाताऱ्या आईचं पत्र वाचायचं आणि लोकांनी ते ऐकायचं, हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. पण डोळ्यांत पाणी येण्याचीही वेळ ठरून गेली की त्यातला अचानकपणा जातो. काही पत्रं अप्रतिम होती. ती दर आठवड्याला अप्रतिम असावीत ही अपेक्षा मात्र लेखकावर अन्याय करणारी होती.

मग सुरू झाली नवनव्या पर्वांची रांग. २०१८चा विश्वदौरा, परदेशातल्या मराठी मंडळींसमोर थुकरटवाडी. 'होऊ दे व्हायरल'मध्ये नवोदितांचा शोध. 'शेलिब्रिटी पॅटर्न'मध्ये मालिकांतले नट विनोद करणार. पुढे 'लेडीज जिंदाबाद', २०२२ला लहान मुलांचं 'लहान तोंडी मोठा घास'. मूळ सांगाडा थकला की वाहिनी त्याला नवा सदरा घालते. विनोदासाठी तो कधीकधी बराही असतो. होतकरू कलाकारांना दार उघडलं, हे चांगलंच झालं. पण थुकरटवाडीची वस्ती दर पर्वात बदलायला लागली आणि गाव ओळखीचं राहिलं नाही. मधल्या काळात करोना आला, चित्रीकरणं थांबली, जुने भाग पुन्हा लागले. ते पुन्हा लागणं कार्यक्रमाला महाग पडलं असं मला वाटतं. दुपारी २०१५चा भाग पाहायचा आणि काही महिन्यांनी नवा, तर तुलना आपोआपच होते.

त्याआधीच, २०१८च्या ऑगस्टमध्ये, सोनी मराठी सुरू झाली आणि तिच्याबरोबर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'ही. सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांनी सिनेमाचे पाहुणे बाजूला ठेवले आणि लेखन पुढे आणलं. चाळीतलं भांडण, लग्नाची बोलणी, ऑफिसातला साहेब, एवढ्यावर स्किट उभं राहायचं. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर, विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव यांनी ते पेललं. शिवाय तिथून 'कल्याणची चुलबुली' अशी ललकारी होऊन शिवाली परब यायची. म्हणजे डोंबिवलीचा माणूस झीवर आणि कल्याणची मुलगी सोनीवर. एकमेकांच्या ट्रेन आधी सुटतात म्हणून कुरकुरणाऱ्या या दोन शहरांना एवढं निमित्त पुरेसं होतं. काही वर्षांनी हास्यजत्रेबद्दलही 'तेच तेच झालंय' ऐकू येऊ लागलंच. ओंकार भोजने, विशाखा सुभेदार गेल्यावर तर जास्तच.

या सगळ्याच्या शेजारी 'दिल दोस्ती दुनियादारी' ठेवून पाहावी अशी आहे. हे मात्र अस्सल सिटकॉम. मार्च २०१५ ते फेब्रुवारी २०१६, मुंबईतल्या एका घरात सहा तरुण, त्या घराचं नाव माजघर. या पट्ट्यातल्या कॉलेजच्या मुलांनी ती मालिका फार आवडीने पाहिली आणि त्याचं एक स्थानिक कारण असावं. ठाणे-डोंबिवलीच्या मुलाला घर सोडावं लागत नाही. नोकरी मुंबईत, पण रात्री आईच्या हातचं जेवण. पुण्या-नाशिकच्या मुलांनी जे भोगलं ते त्याला फक्त टीव्हीवर पाहायला मिळत होतं. माजघर म्हणजे न मिळालेलं स्वातंत्र्य. मालिका रंगात असतानाच थांबवली आणि हळहळ झाली. त्यापूर्वी दिलीप प्रभावळकरांच्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'बद्दल असं झालं होतं. (टिपऱ्यांची सून श्यामल झालेल्या शुभांगी गोखले यांची मुलगी सखी हीच माजघरातली रेश्मा, हा योगही छान.) पण टिपरे परत आले नाहीत. हे सहाजण एका वर्षाने, फेब्रुवारी २०१७मध्ये, 'दिल दोस्ती दोबारा' घेऊन आले. नट तेच, नावं नवी, माजघराच्या जागी 'खयाली पुलाव' नावाचं रेस्टॉरंट. प्रेक्षकांनी काय करावं? अमेय वाघला जुन्या मालिकेतला कैवल्यच म्हणत राहिले. पहिल्या मालिकेची गंमत सहा अनोळखी माणसं एकमेकांची होत जाण्यात होती. दुसरीत ओळखीच्या चेहऱ्यांनी अनोळखी असल्याचं दाखवायचं होतं. लेखन मधूनमधून चांगलं असूनही ते कुणाला पटलं नाही. जुलैच्या सुरुवातीला मालिका संपली.

याच नटांपैकी चौघं त्या सुमारास 'अमर फोटो स्टुडिओ' हे नाटक करत होती, आणि ते चाललं. यात मला आश्चर्य वाटत नाही. गडकरी रंगायतनमध्ये किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात विनोद पडला की तो पडल्याचं नटाला त्याच क्षणी कळतं. ठाण्याचा प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो, भिडेखातर हसत नाही. पुढच्या प्रयोगाला ते वाक्य बदललेलं असतं. टीव्हीच्या लेखकाला दर आठवड्याला मिळतो तो टीआरपी, आणि त्यात निवडक घरांत कोण किती वेळ टीव्हीसमोर होतं एवढंच असतं. चालू टीव्हीसमोर आजोबा डुलकी काढत होते की सूनबाई भाजी निवडत होती, ते त्यात येत नाही. थुकरटवाडीच्या शेवटच्या वर्षांत असे चालू टीव्ही पुष्कळ होते. सवयीने लावलेले.

२०२४च्या सुरुवातीला साबळे बाहेर पडले आणि मार्चमध्ये कार्यक्रम आवरला. एप्रिलमध्ये ते भाऊ कदम आणि ओंकार भोजने यांना घेऊन कलर्स मराठीवर आले, कार्यक्रमाचं नाव त्यांच्याच लाडक्या वाक्यावरून ठेवलेलं. काही महिन्यांतच तोही संपला. नाव, सूत्रधार आणि भाऊ असूनही गाव नव्हतं. मग जुलै २०२५मध्ये झीने 'चला हवा येऊ द्या' परत आणलं. या वेळी गाव होतं, श्रेया, कुशल आणि भारत गणेशपुरे होते, हास्यजत्रेतून नावारूपाला आलेला गौरव मोरे होता, सूत्रसंचालनाला अभिजित खांडकेकर. साबळे आणि भाऊ नव्हते. नव्या मंडळींनी मेहनत केली, गौरवची एनर्जी तर थक्क करणारी. डोंबिवलीत मात्र पहिल्या आठवड्यात चर्चा एकाच गोष्टीची होती: भाऊ का नाहीत? स्किट कसं होतं, हे विचारायला लोकांना आणखी दोन-तीन आठवडे लागले.