चष्मा उतरवण्यापूर्वी

मुलीच्या रिश्त्याची बोलणी सुरू झाली की तालीम, घरकाम, दीनदारी यांच्या जोडीला आपल्याकडे आणखी एक चौकशी हमखास होते, ‘चष्मा लागतो का?’ मुलाच्या चष्म्याबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही. मग घरातली एखादी खाला किंवा फुफी सुचवते, ‘लेसर करून टाका ना, दहा मिनिटांचं तर काम आहे.’ ऑपरेशन खरोखरच दहा-पंधरा मिनिटांचे असते. पण त्याआधीची तपासणी आणि नंतरचे काही महिने यांबद्दल कुणी बोलत नाही. या लेखात आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

लेसर नेमके काय करते?

डोळ्याच्या पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. नंबर घालवण्यासाठी लेसरने या पडद्याचा अगदी पातळ थर काढून त्याला नवा आकार देतात. काढलेला थर पुन्हा वाढत नाही, म्हणून हे ऑपरेशन विचार करूनच करावे.

हे काम करणारे लेसर आसपासच्या भागाला न भाजता जिवंत पेशींचा थर काढू शकते, हा शोध १९८१ साली अमेरिकेतल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत लागला. तो लावणाऱ्या तिघांपैकी एक, रंगास्वामी श्रीनिवासन, मूळचे मद्रासचे.

आज तीन प्रकार जास्त चालतात. ‘पीआरके’मध्ये वरची नाजूक त्वचा बाजूला करून लेसर देतात. यात तीन-चार दिवस चांगलेच दुखते आणि नजर हळूहळू स्वच्छ होते. ‘लेसिक’मध्ये कॉर्नियाची पातळ झडप उचलून खाली लेसर देतात आणि झडप परत बसवतात. ‘स्माइल’मध्ये छोट्या छेदातून आतला थर काढतात. सर्वांत नवा किंवा सर्वांत महाग प्रकार आपल्यासाठी सर्वांत चांगला असेलच असे नाही. ते आपल्या डोळ्याच्या मापावर ठरते.

तपासणी हाच खरा निर्णय

वय किमान १८ पूर्ण हवे आणि निदान वर्षभर नंबर स्थिर हवा. गरोदरपणात व बाळ अंगावर पीत असताना थांबावे लागते. मधुमेह ताब्यात नसेल, संधिवातासारखा आजार असेल किंवा डोळे फार कोरडे राहत असतील, तर ते लपवू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीच्या एक-दोन आठवडे आधी बंद कराव्या लागतात, कडक लेन्स त्याहून आधी. नाहीतर मापे चुकतात.

मशीनवर कॉर्नियाची जाडी आणि आकाराचा नकाशा काढतात. बाहुली मोठी करणारे औषध घालून आतला पडदाही पाहतात. या नकाशात डॉक्टर प्रामुख्याने ‘केराटोकोनस’ शोधत असतात. या आजारात कॉर्निया पातळ होऊन पुढे शंकूसारखा फुगतो. तो बहुधा तरुणपणी सुरू होतो. ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्या मुलांत तो जास्त आढळतो. अशा डोळ्यावर लेसर केले तर आधीच कमकुवत असलेला पडदा आणखी कमकुवत होतो. नजर इतकी बिघडू शकते की चष्म्यानेही नीट दिसत नाही.

म्हणून डॉक्टर ‘तुमच्यासाठी हे योग्य नाही’ म्हणाले, तर दुसरीकडे ‘करून देणारा’ शोधत फिरू नका. त्या नकाराने मुलीचे डोळे वाचले, याचा शुक्र करा. दुसरे मत जरूर घ्या, पण नकाशाचे कागद बरोबर न्या.

त्या दिवशी

इंजेक्शन नसते, बधिर करणारे थेंब घालतात. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून छोटा चिमटा लावतात. लेसिक आणि स्माइलमध्ये डोळ्यावर दाब जाणवतो, काही क्षण अंधारूनही येते. समोरच्या दिव्याकडे पाहत राहायचे असते. केस जळल्यासारखा वास येऊ शकतो. लेसिकनंतर काही तास डोळे चुरचुरतात, पाणी येते. घरी येऊन झोपावे. गाडी स्वतः चालवू नये, सोबत कुणी असावे.

घरच्या सवयी आणि इबादत

लेसिकनंतर बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशीच चांगले दिसू लागते आणि इथेच निष्काळजीपणा होतो. डोळे अजिबात चोळू नका, कारण झडप सरकू शकते. रात्री डोळ्यांवर संरक्षक झाकण लावा. नकाबची कड डोळ्यांना घासणार नाही इतकी खाली ठेवा.

पहिला आठवडा डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नये. वुजूत चेहरा धुणे फर्ज आहे, डोळ्याच्या आत पाणी घालणे नाही. पापण्यांनाही पाणी लावायची मनाई असेल, तर तेवढ्या जागेचे काय करायचे, याची तफसील हनफी आणि शाफई मसलकांत वेगळी आहे. कोकणातली बहुतेक घरे शाफई, तर घाटावरची बहुतेक हनफी. म्हणून आपल्या इमामसाहेबांना आधीच विचारून ठेवावे. सज्द्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. रमजानची काळजी असेल, तर डोळ्यांत थेंब घातल्याने हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत रोजा तुटत नाही. औषध चुकवू नका.

सुरमा आणि काजळ काही आठवडे दूर ठेवा. बाजारातल्या कित्येक सुरम्यांत शिसे असते, हेही लक्षात असू द्या.

काय मिळते, काय मिळत नाही

डोळे कोरडे वाटणे आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे हे बहुतेकांना काही महिने जाणवते, काहींना पुढेही राहते. चाळिशीनंतर कुरआनशरीफ वाचायला जवळचा चष्मा लागतोच. मोठा मायनस नंबर असेल तर आतला पडदा फाटण्याचा धोका लेसरनंतरही तितकाच राहतो, म्हणून वर्षाला तपासणी हवी.

आरोग्य विमा साडेसातपेक्षा कमी नंबरासाठी खर्च देत नाही. पोलीस किंवा सैन्याची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी आधी भरतीचे नियम वाचावेत. काही ठिकाणी हे ऑपरेशन चालते, काही ठिकाणी नाही.

निकाहची तारीख धरून घाईत ऑपरेशन करू नये, निदान तीन महिने हाताशी असावेत. त्याहून आधी मुलीला एकटीला बसवून विचारावे, ‘तुला स्वतःला हवं आहे का?’ तिला चष्मा खुपत नसेल, तर केवळ सासरच्यांच्या नजरेसाठी निरोगी डोळ्यावर लेसर चालवण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. ज्यांना चष्मा चालत नाही, त्यांना उद्या दुसरे काहीतरी चालणार नाही.

आणि ऑपरेशन केलेच, तर आधीचा नंबर, कॉर्नियाची मापे आणि लेसरचा तपशील असलेली फाईल निकाहनाम्याइतकी जपून ठेवा. उतारवयात मोतीबिंदू झाला, तर योग्य लेन्स निवडायला डॉक्टरांना तेच कागद उपयोगी पडतात.

अल्लाह आपल्या सर्वांची नजर सलामत ठेवो. आमीन.