ठसा उमटतो, पण कुणाचा?

मोशीत आमच्या शेजारी राहणारा एक मुलगा परवा संध्याकाळी तोंड पाडून घरी आला. आयटीआयमधून फिटरचा कोर्स पास झालेला, हाताने हुशार, वागायला सालस. चाकणकडच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेला होता. साहेबांनी विचारले, "स्वतःबद्दल दोन वाक्ये इंग्रजीत सांग." पहिले वाक्य त्याने ठीक सांगितले, मी कष्टाळू आहे. दुसरे वाक्य होते, "आय ॲम व्हेरी इम्प्रेशनेबल." साहेब गालात हसले, शेजारच्या साहेबांकडे पाहिले आणि "कळवतो" म्हणाले.

"काका, माझं चुकलं काय?" मुलगा आम्हाला विचारत होता. त्याला म्हणायचे होते, माझी चांगली छाप पडते. प्रत्यक्षात तो म्हणाला, माझ्यावर कुणाचीही छाप चटकन पडते. कामावर घेणाऱ्या माणसाने याचा अर्थ काय घ्यावा? पोरगा कुणाच्याही नादी लागणारा आहे!

वाचकहो, चूक एका शब्दाची. पण त्या शब्दावर आम्ही आठवडाभर विचार करीत राहिलो. हा शब्द आपल्या घरात, आपल्या मुलांच्या बाबतीत रोज घडत असतो. म्हणून तो नीट समजून घेऊ या.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि मूळ अर्थ आहे दाबणे. प्रेस हा शब्दही त्याच घराण्यातला. भोसरी-चाकण पट्ट्यात प्रेसशॉपमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. दाबले की खूण उमटते, ती खूण म्हणजे इम्प्रेशन. फोर्जिंगच्या कारखान्यात डायमध्ये कोरलेल्या पोकळीलाही इम्प्रेशनच म्हणतात. लोखंडाचा तुकडा भट्टीत लालबुंद तापवायचा, डायमध्ये ठेवायचा आणि वरून हॅमरचा घाव घालायचा. डायमध्ये जो आकार कोरला असेल तोच आकार तो तुकडा घेतो. थंड झाल्यावर मात्र तो सहजासहजी बदलत नाही.

आता या घराण्यातले तीन शब्द मुलांनी वहीत लिहून ठेवावेत. ज्याची छाप दुसऱ्यावर पडते तो इम्प्रेसिव्ह. ज्याच्यावर एखाद्या प्रसंगी छाप पडली तो इम्प्रेस्ड. आणि ज्याच्या मनावर छाप सहज पडते तो इम्प्रेशनेबल. हा तिसरा शब्द इंग्रजीत बहुतेक करून लहान मुलांबद्दल आणि तरुणांबद्दल वापरतात. "ॲट ॲन इम्प्रेशनेबल एज" असा प्रयोग वर्तमानपत्रांत नेहमी येतो. त्याचा अर्थ, ज्या वयात मन तापल्या लोखंडासारखे मऊ असते त्या वयात.

याच्या जवळचा दुसरा शब्द गलिबल. तो मात्र वेगळा. कुणीही थाप मारावी आणि याने ती खरी मानावी, असा माणूस गलिबल. आपण त्याला भोळसट म्हणतो. गलिबल म्हणणे म्हणजे सरळ दोष देणे. इम्प्रेशनेबल म्हणण्यात दोषापेक्षा काळजी जास्त असते. आपल्याकडे हलक्या कानाचा असेही म्हणतात. तो म्हणजे ज्याने शेवटी सांगितले त्याचे खरे मानणारा. मुलाखतीत या तिन्हींपैकी एकही शब्द स्वतःबद्दल वापरू नये!

मन मऊ असले आणि पारख नसली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते अशी बातमी देशभर पसरली. वाट्या-चमचे घेऊन लोकांनी रांगा लावल्या. त्या रांगांत शिकलेसवरलेले लोकही होते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवून दिले की दूध मूर्तीच्या पोटात जात नाही. पृष्ठीय ताणामुळे ते चमच्यातून ओढले जाते आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळते. त्या दिवशी फार तर दूध वाया गेले. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, माणसे गेली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण बाजाराच्या दिवशी गावात आले आणि जमावाने त्यांना ठेचून मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ती गरीब माणसे होती. "हे तुला कुणी सांगितलं?" एवढा एक प्रश्न तिथे कुणी कुणाला विचारला असता, तर पाच घरे उघडी पडली नसती.

मग मन मऊ असणे हाच दोष मानायचा काय? नाही. इथे आपली मराठी इंग्रजीच्या एक पाऊल पुढे आहे. इम्प्रेशनेबल एज याला मराठीत आपण संस्कारक्षम वय म्हणतो. गोष्ट तीच, पण इंग्रजी शब्द ऐकून आईबाप घाबरतात आणि मराठी शब्द ऐकून त्यांना आपली जबाबदारी आठवते. मातीच मऊ नसेल तर मडके घडायचे कसे? प्रश्न असा आहे की चाकावर हात कुणाचा आहे, आणि मोठे झाल्यावर ते मूल स्वतःला तपासून पाहायला शिकले आहे की नाही.

याचा सर्वात मोठा दाखला आपल्या घराघरांत भिंतीवर आहे. भीमराव शाळेत शिकत असताना परीक्षा पास झाल्याबद्दल त्यांच्या कौतुकाची सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बाबासाहेबांनी १९५६ साली 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ही आठवण सांगितली आहे. त्या पुस्तकाची आपल्यावर छाप पडली, हे सांगताना त्यांनी इम्प्रेशनच्याच घराण्यातला शब्द वापरला आहे. म्हणजे भीमरावांचे वयही संस्कारक्षमच होते.

पण त्याच प्रस्तावनेत आणखी एक आठवण आहे. वडील घरी रामायण-महाभारत वाचायला लावीत, तेव्हा या मुलाने त्यांना विचारले की हे आम्ही का वाचावे? वडिलांनी उत्तर दिले. मुलाचे समाधान झाले नाही, आणि तसे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. रामजी सुभेदारांनी आधी त्याला गप्प केले होते, पण मुलाने पुन्हा विचारल्यावर उत्तर दिले, हा त्यांचा मोठेपणा. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली आणि प्रत्यक्ष दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात. मध्ये एकवीस वर्षे अभ्यासाची. लहानपणी उमटलेला ठसा त्यांनी आयुष्यभर घासून पाहिला आणि वयाच्या ६५ व्या वर्षी पक्का केला.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. केसपुत्त नगरीचे लोक गोंधळून गेले होते, कारण येणारा प्रत्येक उपदेशक आपलेच खरे म्हणे. बुद्धांनी त्यांना समजावले की ऐकीव आहे, जुने आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही मानू नका. स्वतः पाहा, त्यातून भले होते की नुकसान ते तपासा.

आपल्या मोशीचेच पाहा. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून कामासाठी आलेली कितीतरी कुटुंबे इथल्या चाळींत, सोसायट्यांत राहतात. आजी-आजोबा गावी राहिले. बाप रात्रपाळीला, आई कामावर, आणि मूल मोबाईलसोबत एकटे. तापलेले लोखंड कुणाच्या डायमध्ये पडते आहे, हे आपल्याला ठाऊक तरी असते काय? दिवसातून अर्धा तास मुलाजवळ बसा आणि त्याने काय ऐकले, काय पाहिले ते विचारा. त्याने उलट प्रश्न केला तर "मोठ्यांना उलटून बोलतोस?" म्हणून गप्प करू नका. घरात गप्प बसवलेले मूल बाहेरच्या लबाडालाही प्रश्न विचारत नाही.

आता त्या मुलाची गोष्ट पुरी करतो. त्याच आठवड्यात हायवेवरच्या चहाच्या टपरीवर त्याला एक गृहस्थ भेटला. "कंपनीतले साहेब आपल्या ओळखीचे आहेत, पंधरा हजार दे, परमनंट करून देतो," म्हणाला. इस्त्रीचे कपडे, गळ्यात ओळखपत्र, बोलणे गोड. मुलाच्या मनावर छाप पडली. आईची भिशी नुकतीच लागली होती, ते पैसे द्यायचे असे घरात ठरलेही. तो माणूस घरी आला. आईने चहा दिला, पैसे हातात धरले आणि साधेपणाने विचारले, "भाऊ, याची पावती मिळेल का? आणि साहेबांचं नाव काय?"

गृहस्थ म्हणाला, पावती उद्या आणतो. तो उद्या अजून उजाडलेला नाही.

ही माउली चौथीपर्यंत शिकलेली. इम्प्रेशनेबल हा शब्द तिने कधी ऐकलेला नाही. मुलगा आता पुढच्या मुलाखतीची तयारी करतो आहे. त्याने वहीत तिन्ही शब्द लिहिले आहेत आणि त्यांच्याखाली आईचे दोन प्रश्नही लिहून ठेवले आहेत.