पदवीचा हिशेब घरात कळला पाहिजे

आम्ही बी. कॉम. झालो ते चार वर्षांत. पदवी तीन वर्षांची, मग एक वर्ष गेले कुठे?

पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा वडिलांनी विचारले, "काय झालं रे?" आम्ही म्हणालो, "आबा, एटीकेटी मिळाली." वडील चौथी शिकलेले. त्यांना वाटले, पोराला काहीतरी बक्षीस मिळाले. त्यांनी चाळीत पेढे वाटले आणि आम्ही मान खाली घालून गप्प राहिलो. राहिलेला विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर पुढच्या वर्गात बसू देण्याची ती सवलत आहे, हे सांगण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. 'देऊ पुढे' म्हणत तो विषय मागेच राहिला. तिसऱ्या वर्षाचा प्रवेश घ्यायला गेलो, तर कार्यालयातल्या बाईंनी अर्ज परत केला. पहिले वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्यात बसता येत नाही, हा नियम आम्हाला त्या दिवशी कळला. आबांना तो कळला त्या रात्री ते जेवले नाहीत.

आज आमच्याकडे वस्तीतली मुले अर्ज भरायला येतात, तेव्हा दिसते की नियम बदलले, पण घरातले अज्ञान तेच राहिले. म्हणून पालकांनो, चार गोष्टी समजून घ्या.

पहिली गोष्ट श्रेयांकांची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी पद्धत सुरू झाली. आता पदवी श्रेयांकांवर मोजतात. वर्गातली सुमारे १५ तासांची शिकवणी म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला ३० तास लागतात. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक, वर्षाची सत्रे दोन. तीन वर्षांत १२० ते १३२ श्रेयांक जमले की पदवी. चौथे वर्ष करून १६० ते १७६ झाले की ऑनर्स पदवी.

यात मुख्य विषयाबरोबर दोन-दोन श्रेयांकांचे लहान विषयही असतात. मुले म्हणतात, "तो काय, साधा विषय आहे." पण हिशेबात दोन कमी पडले तरी पदवी अडते. दुकानदार दोन रुपये कमी चालवून घेईल, विद्यापीठ घेत नाही.

दुसरी गोष्ट हजेरीची. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. आपली मुले सकाळी पेपर टाकतात, संध्याकाळी दुकानात उभी राहतात. कष्टाची लाज नाही, पण हजेरीपटाला कष्ट दिसत नाहीत. आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला त्याच आठवड्यात द्यावा. परीक्षेच्या तोंडावर दिलेला दाखला कोणी मनावर घेत नाही.

नोकरी सोडता येतच नसेल, तर मुक्त शिक्षणाचा मार्ग आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, हे आपण विसरू नये.

तिसरी गोष्ट मध्येच शिक्षण सोडण्याची. नव्या पद्धतीत एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. मात्र त्यासाठी ४ श्रेयांकांचा कौशल्याचा जादा अभ्यासक्रम करावा लागतो. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. ही सोय अडचणीतल्यासाठी आहे. मुलीचे लग्न जमले किंवा मुलाला एखादी नोकरी लागली म्हणून 'दोन वर्षं झाली, पुरे' असे म्हणू नका. पदविका म्हणजे पदवी नव्हे. जिथे पदवीधर हवा असे लिहिले आहे, तिथे पदविकेवर अर्ज टिकत नाही.

चौथी गोष्ट कागदांची. प्रत्येक विद्यार्थ्याचे श्रेयांकांचे खाते असते. त्याला शैक्षणिक श्रेयांक बँक म्हणतात. ते उघडले आहे का, त्यात श्रेयांक चढले का, हे मुलाकडून दर सत्राला पाहून घ्या. आधार कार्डावरचे आणि गुणपत्रिकेवरचे नाव एकच असू द्या. शिष्यवृत्तीचा अर्जही एकदा भरून भागत नाही, दर वर्षी नूतनीकरण करावे लागते.

आम्ही कारकून माणसे. जमा-खर्च मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. म्हणून सांगतो, शंभर पानी एक वही करा. प्रत्येक सत्राला एक पान. त्यावर विषय, श्रेयांक, हजेरी आणि राहिलेला पेपर, एवढेच लिहायचे. आईला वाचता येत नसेल तर मुलाने मोठ्याने वाचून दाखवावे. एटीकेटीचे नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात. प्रवेशाच्या दिवशीच कार्यालयात जाऊन तुमच्या विद्यापीठाचा नियम विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. विचारायला संकोच वाटू देऊ नका.

आणि मुलांनो, विषय राहिला तर घरी खरे सांगा. आई-बाप रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत. पण फुकट गेलेले वर्ष आणि खोटे वाटलेले पेढे यांची खंत जन्मभर राहते. ती आम्हाला आजही आहे.