घाटावरचे धावते उपाहारगृह

युरोपातील हिमाच्छादित पर्वतांवर स्कीपटूंना पिढ्यान्‌पिढ्या जेवू घालणारी उपाहारगृहे आहेत. आपल्याकडे बर्फ नाही. पण बोरघाट ओलांडणारे उपाहारगृह आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या ‘डेक्कन क्वीन’चा, म्हणजेच दख्खनच्या राणीचा, भोजनडबा तो हाच. २०२२ मध्ये गाडीला नवे एलएचबी डबे लागले, तेव्हाही तो राखण्यात आला.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारील : त्या जागी बाके बसविली तर तिकिटे अधिक विकली जाणार नाहीत काय? प्रश्न रास्त आहे. सोडून दिलेले उत्पन्न हाही खर्चच होय. परंतु सदतीसास एक अशा उताराच्या घाटात टेबलाशी बसून घेतलेल्या चहामुळे आणि चीज-टोस्टमुळे प्रवाशाला गाडी आपली वाटते. ही आपुलकी डब्याच्या हिशेबात दिसत नाही. ती साऱ्या गाडीच्या खाती जमा होते.

मात्र हाच न्याय पुढे न्यावयास हवा. शिरूरला रेल्वे नाही. तेथील प्रवाशाची भिस्त एस. टी.वर. दौंडचा पासधारक पुण्याची गाडी गाठताना फलाटावर उभ्यानेच चहा घेतो. सार्वजनिक पैशातून राणीचा थाट जपावा, हे मान्य. मग या प्रवाशाला बसावयास बाक, स्वच्छ पाणी आणि रास्त दरात चहा मिळणे ही चैन कशी ठरेल? प्रवाशाचा मान तिकिटाच्या दरावर ठरू नये. भोजनडबा अवश्य राहावा. पण त्यामागची दृष्टी घाट ओलांडून दौंड-शिरूरपर्यंतही यावी.