महागाईचा आकडा एक, झळ वेगवेगळी

ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्क्यांवर आला. मग वाण्याचं बिल का उतरलं नाही? कारण दर उतरला म्हणजे भाव उतरले, असं नसतं. भाव चढायचा वेग मंदावलेला असतो. वर्षभर आधी हाच दर 6.21 टक्के होता. म्हणजे ऑक्टोबर 2023 मध्ये शंभर रुपयांत येणाऱ्या सामानाला वर्षाने सव्वासहा रुपये जास्त पडायला लागले, आणि 2025 मध्येही ते एकशे साडेसहाच्या घरातच राहिलं. एकदा चढलेले भाव बहुधा तिथेच मुक्काम ठोकतात.

‘महागाई काय, सगळ्यांनाच आहे’ हेही अर्धसत्य. 2022-23 च्या केंद्रीय पाहणीनुसार खेड्यातलं कुटुंब खर्चातले सरासरी 46 टक्के खाण्यापिण्यावर घालतं, शहरातलं 39 टक्के. ही झाली सरासरी. हातावर पोट असलेल्यांचा हिस्सा याहून मोठा असतो, त्यामुळे तूरडाळ भडकली की पहिला चटका त्यांना. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै अशा दोन तारखांपासून सुधारून मिळतो. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना असा भत्ता नाही. पगारवाढ मागायची तर एखादं काम सुटेल ही धास्ती. कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस-95) किमान पेन्शन 2014 मध्ये हजार रुपये ठरली आणि पुढची दहा वर्षं तिथेच राहिली.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र धंदेवाल्यांबद्दलचा: भाव वाढले की त्यांची चांदी! खाणावळीचं गणित पाहा. घरच्या 14.2 किलोच्या सिलिंडरचा भाव सरकार बराच काळ दाबून धरतं. व्यावसायिक 19 किलोच्या सिलिंडरचा भाव बहुतेक दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, वर जीएसटी घरच्यासारखा 5 नव्हे, 18 टक्के. डबा लावणाऱ्या मुलांनी महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले, त्यामुळे मध्येच दर वाढवायची सोय नाही. शेजारचा वाढवत नाही तोवर थाळीलाही हात लावता येत नाही. मग पोळी लहान होते, भाजीतला रस्सा वाढतो, मिसळीबरोबरच्या कांद्यात कोबी मिसळला जातो. गिऱ्हाईक म्हणतं, मालक कंजूष झाला.

आणि कांदा महागला की शेतकरी मालामाल? रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले जेमतेम 36 पैसे कांदा उत्पादकापर्यंत पोचतात असं दिसलं. बाकीचे आडत, वाहतूक, घट आणि मधल्या हातांत जातात. डिसेंबर 2023 मध्ये ग्राहकांसाठी भाव आवरायला निर्यातबंदी आली, ती मे 2024 पर्यंत चालली. शहरात ताट स्वस्त झालं, त्याची किंमत लासलगाव-येवल्याकडच्या शेतकऱ्याने मोजली.