उन्हात लांब होणारा पूल!

जव्हार-मोखाड्याच्या दोस्तांनो, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना पाहिलीय कधी? धाव चाकापेक्षा किंचित लहानच असते. मग ती बसते कशी? लोहार तिला भट्टीत लालबुंद तापवतो. तापलेलं लोखंड पसरतं, धाव चाकावर चढते. वरून पाणी ओतलं की चर्रर्र! धाव आकसते आणि चाकाला अशी आवळते की बस्स!

हीच करामत वापरून इंग्रजांच्या काळात मोठमोठे पूल बांधले. डहाणूहून रेल्वेनं उत्तरेला गेलात, तर सुरतेच्या पुढे भरूचला नर्मदा लागते. तिथला ‘गोल्डन ब्रिज’ 1881 साली पुरा झाला. लांबी जवळजवळ 1400 मीटर! सोन्याचा नाही बरं का, लोखंडाचाच. आधीचा पूल नर्मदेच्या पुरानं सारखा मोडायचा आणि दुरुस्तीत पाण्यासारखा पैसा जायचा. लोक म्हणत, एवढ्यात सोन्याचा पूल झाला असता! सुरुवातीला गोल्डन ब्रिजवरून रेल्वे धावायची. 1935 साली शेजारी रेल्वेचा नवा पूल झाला आणि पुढे हा जुना पूल मोटारींना मिळाला.

त्या काळी पुलाचे लोखंडी भाग वेल्डिंगनं नाही, रिव्हेटनं जोडत. रिव्हेट म्हणजे एका बाजूला डोकं असलेला जाड खिळा. तो लाल तापवायचा, चिमट्यानं धरून दोन पत्र्यांच्या भोकांत घालायचा आणि दुसरं टोक ठोकून चपटं करायचं. गार होताना तो आकसतो आणि दोन्ही पत्रे घट्ट आवळून धरतो.

पण गंमत बघा, जी उष्णता रिव्हेटला मदत करते, तीच पुलाला छळते! 100 मीटर लांबीचा लोखंडी सांगाडा 30 अंशांनी तापला, तर साडेतीन सेंटिमीटरनं लांब होतो. त्याला सरकायला जागाच ठेवली नाही, तर तो वाकेल किंवा खांबांना रेटा देईल. म्हणून इंजिनियर सांगाड्याचं एक टोक पक्कं बसवतात आणि दुसरं सरकतं ठेवतात. कुठे कुठे त्याखाली चक्क लोखंडी रोलर असतात. शिवाय दोन सांगाड्यांमध्ये फट सोडतात.

सिमेंटचे पूलही तापतात, म्हणून त्यांनाही फटी लागतात. आता एसटीनं जाताना एखादा लांब पूल लागला, की कान द्या. चाकं मध्येच ‘धडक’ वाजली, की समजा, ही पुलाला वाढायला सोडलेली जागा!